पक्षी ओळखीच्या धाग्यावर अवांतर: किती आणि कुठे?

माळटिटवी | सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार.

'हा शिक्रा की पावशा?' हा धागा आता चौथ्या पानावर गेला आहे. (शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी, पावशा कोकिळेच्या कुळातला, पण दिसायला त्याच्यासारखा.) तो वाचून नव्या माणसाच्या हाती काय लागेल, या काळजीने हा वेगळा धागा काढते आहे.

घडलं ते असं. सासवडच्या बाजूला माळावरच्या बाभळीत बसलेल्या एका पक्ष्याचा फोटो एका नव्या सदस्याने टाकला आणि ओळख विचारली. डिसेंबरातला फोटो, छातीवर गडद ठिपके, शेपटीवर आडवे पट्टे. तासाभरात दोन नेटकी उत्तरं आली. चोच बघा, सरळ आहे, शिकारी पक्ष्यासारखी आकड्याची नाही, मुळाशी पिवळा भागही नाही. पाय आखूड आहेत आणि बोटं दोन पुढे, दोन मागे. शेपटी लांब, टोकाला तांबूस. म्हणजे पावशा, आणि तोही यंदाच्याच विणीतलं, उडतं झालेलं पिल्लू. हिवाळ्यात पावशा गप्प असतो, त्यामुळे तो आसपास आहे हेच लोकांना ठाऊक नसतं, आणि दिसला की शिक्रा वाटतो. हेही एकाने छान समजावून सांगितलं होतं.

पुढचा प्रतिसाद 'लेन्स कुठली?' असा आला. तिथून पाऊण पान ४०० मिमीची फिक्स लेन्स घ्यावी की १५०-६०० ची झूम, यावर गेलं. मग पावशा म्हणजेच चातक का, यावर वाद. मग पावशाच्या ओरडण्याला कुठे काय म्हणतात ते. आणि मग एका जुन्या सदस्याने ताम्हिणीत काढलेला स्वतःचा फोटो त्याच धाग्यात टाकून विचारलं, 'आणि हा कोण?' त्याखाली उत्तर आलं: 'नक्की शिक्रा, मादी.' उत्तर बरोबर होतं, पण ताम्हिणीच्या फोटोबद्दल होतं. मूळ प्रश्न विचारणाऱ्याने ते आपल्या फोटोचं समजून 'आभारी आहे, शिक्रा म्हणून नोंद करतो' असं लिहिलं. त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. आम्ही सगळे चातकावर भांडत होतो.

मला गप्पा बंद करायच्या नाहीत. इथे टिकून राहिलेले बहुतेक लोक गप्पांमुळेच टिकले आहेत. पण ओळखीचा धागा हा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाचा असतो आणि त्यानंतर तोच प्रश्न घेऊन शोधत येणाऱ्या माणसांचा असतो. त्यांचं काम होईपर्यंत बाकीच्यांनी थोडा धीर धरावा, इतकंच माझं मागणं आहे. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं आणि ते त्याला कळलं, याची खात्री होईपर्यंत विषय सोडू नये. दुसऱ्याच्या ओळखीच्या धाग्यात आपला फोटो कधीही टाकू नये, कितीही सारखा पक्षी असला तरी. आणि एखादी फांदी वाढायला लागली, म्हणजे तीन-चार जण तिच्यावरच बोलू लागले, की तिला स्वतंत्र धागा द्यावा आणि दोन्हीकडे एकमेकांचे दुवे ठेवावेत.

तुम्हाला काय वाटतं ते सांगा. विरोधही चालेल.

सातभाई | सोमवार, रात्री ९.३२

+१. दुसऱ्याच्या धाग्यात फोटो टाकण्याबद्दल विशेष सहमत.

रानभूल | सोमवार, रात्री १०.०५

ताई, तुमची कळकळ समजते, पण मी जरा उलट बाजू मांडतो.

त्या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद कोणता? माझ्या मते ओळखीचा नव्हे. चोच, पाय, शेपटी ही माहिती कुठल्याही चांगल्या पक्षी-मार्गदर्शिकेत सापडते. मोलाचा होता तो यवतमाळकडच्या एका शेतकरी सदस्याचा, जो इथे पहिल्यांदाच लिहीत होता. पावशाचं 'पेरते व्हा' आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. पण त्यांनी सांगितलं ते वेगळं होतं. त्यांच्या वडिलांच्या काळी पावशाची ओरड चैत्रातच सुरू व्हायची, त्यामुळे तिच्यावर कुणी पेरणी ठरवत नसे. ओरड रात्री-बेरात्रीही सुरू झाली की बी-बियाणं काढून ऊन द्यायचं, इतकाच तिचा अर्थ धरला जाई. पेरणी नक्षत्र आणि जमिनीतली ओल बघूनच. पक्ष्याचं वागणं आणि शेतकऱ्याचं शहाणपण यांचा इतका बारीक संबंध मी कुठे वाचलेला नाही.

हा प्रतिसाद विषयाला सोडून होता? काटेकोरपणे बघितलं तर होता. विचारणाऱ्याला फक्त नाव हवं होतं. पण तुमचा नियम त्या वेळी लागू असता, आणि कुणी त्या शेतकरी सदस्याला 'कृपया वेगळा धागा काढा' असं लिहिलं असतं, तर ते पुन्हा आले असते का? मला नाही वाटत. वेगळा धागा काढायला शीर्षक सुचावं लागतं, प्रस्तावना लिहावी लागते, आपलं म्हणणं चार लोक वाचतील असा विश्वास लागतो. बोलता बोलता आठवलेली गोष्ट सांगायला यातलं काहीच लागत नाही. ज्यांना खरोखर माहीत असतं अशी पुष्कळ माणसं फक्त दुसऱ्याच्या बोलण्यात बोलतात. मी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. फळ्यासमोर उभं केलं की गप्प होणारी मुलं डबा खाताना भरभरून सांगत.

म्हणून माझं म्हणणं, धागा थोडा भरकटू द्यावा.

माळटिटवी | सोमवार, रात्री १०.२०

सर, तो प्रतिसाद मीही जपून ठेवला आहे. पण आता तो कुठे आहे बघा. 'हा शिक्रा की पावशा?' या शीर्षकाखाली, तिसऱ्या पानावर, दोन लेन्सांच्या तुलनेच्या मधोमध. पुढच्या वर्षी पावशा आणि पेरणी याबद्दल कुणाला वाचायचं असेल तर त्याला तो सापडणार नाही. माझा त्रागा त्याच्यासाठीही आहे.

वेगळा धागा त्यांनी काढावा असं मी म्हणत नाही. तुमची हरकत त्या बाबतीत अगदी योग्य आहे. ते काम आपण जुन्यांनी करावं. त्यांनी लिहिलं तिथे लिहू द्यावं, कौतुक करावं, आणि मग आपल्यापैकी एकाने 'पावशा आणि पेरणी' असा धागा काढून त्यांचा प्रतिसाद त्यांच्या नावानिशी तिथे उद्धृत करावा. त्यांना नुसता दुवा द्यावा, की पुढची चर्चा इकडे चालली आहे, जरूर या.

रानभूल | सोमवार, रात्री १०.२६

असं असेल तर माझा विरोध नाही. फक्त उद्धृत करण्याआधी त्यांना विचारावं. आपले शब्द दुसरीकडे उचलून नेलेले काहींना आवडत नाहीत.

नवीन_दुर्बीण | मंगळवार, सकाळी ७.१५

मी इथे नवीन आहे. तो धागा माझा नव्हता, पण नवख्याच्या बाजूने दोन शब्द लिहावेसे वाटले.

आम्हाला धाग्यात कोण जाणकार आणि कोण हौशी हे कळत नाही. तुम्हा लोकांना एकमेकांची नावं वाचूनच समजतं की यांचं मत शिकारी पक्ष्यांबद्दल पक्कं असतं, त्यांचं पाणपक्ष्यांबद्दल. आम्हाला सगळे प्रतिसाद सारखेच दिसतात. त्यामुळे मधे दुसरा विषय सुरू झाला की धागा कुठे सुटला ते कळत नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटते. 'वर सांगितलंय ना' असं उत्तर येईल ही भीती असते.

एक सोपी गोष्ट केलीत तर फार मदत होईल. उत्तर देताना कोणत्या फोटोबद्दल, कोणत्या प्रश्नाबद्दल, ते एका ओळीत लिहा. 'पहिल्या प्रतिसादातला बाभळीवरचा पक्षी: पावशा' असं. बाकी गप्पा कितीही चालू द्या, आम्ही त्या आवडीने वाचतो.

अटलांटिककाठ | मंगळवार, सकाळी ८.४०
(इकडे अजून सोमवारची रात्र आहे)

नवीन_दुर्बीण यांनी मांडलेली अडचण फार जुनी आहे आणि तिच्यावर लोकांनी फार पूर्वी विचार केलेला आहे. तो इथे सांगतो, कारण आपल्याला सगळं नव्याने शोधायची गरज नाही.

मी अमेरिकेत शिकायला आलो तेव्हा वेबवरच्या चर्चा नव्हत्या, यूजनेट होतं. १९८० साली सुरू झालेलं. विषयवार वृत्तगट असत. पक्षीवाल्यांचा रेक.बर्ड्स होता, आपल्या लोकांचा सोक.कल्चर.इंडियन.मराठी होता. तिथे विषय बदलला तर शीर्षक बदलायचं आणि कंसात 'आधीचा विषय अमुक' असं लिहायचं, असा साधा रिवाज होता. शीर्षक वाचूनच कळायचं की ही चर्चा कुठून फुटली आणि आता कशावर आहे. ज्यांना फक्त मूळ विषय हवा ते नवी फांदी सोडून देत. कुणी कुणाला रागावत नसे, कारण फांदी काढणं हा गुन्हा मानला जात नव्हता. फांदीला जुनंच नाव ठेवणं मात्र असभ्य मानलं जाई.

ऑक्टोबर १९९५ मध्ये या शिष्टाचारांचा एक लेखी मसुदा निघाला, आरएफसी १८५५. इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी तो संपादित केला होता. त्यातली एक सूचना मला आजही सर्वांत उपयोगी वाटते: एखाद्याशी तुमचा मतभेद झाला आणि तो तुम्हा दोघांतच चालू राहिला, तर तो सगळ्यांसमोर न वाढवता एकमेकांना ई-मेलने लिहा. आपल्याकडे व्यक्तिगत निरोपाची सोय आहे. चातकाच्या वादात शेवटची तेरा-चौदा उत्तरं दोघांचीच होती. दोघेही अभ्यासू आहेत. दोघांनी निरोपांतून बोलून मग जे ठरलं ते चार ओळींत धाग्यावर मांडलं असतं तर आम्हाला शिकायला मिळालं असतं.

आणखी एक. तेव्हा दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना यूजनेट मिळे, आणि महिनाभर विषय सोडून लिहिणाऱ्यांचा पूर येई. जुने लोक त्यांना शिकवत आणि पूर ओसरे. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी सेवांचे ग्राहक त्यात येऊ लागले आणि नव्या लोकांची रीघ कायमची झाली. शिकवणारे तितकेच राहिले, शिकणारे अनेक पटींनी वाढले. आपल्याकडे पक्षीसप्ताहानंतर, नोव्हेंबरात, दरवर्षी बरेच नवे सदस्य येतात. त्यांच्यासाठी शिष्टाचार एका छोट्या धाग्यात लिहून वर डकवून ठेवला तर त्यांना दरवेळी कुणी टोकायला नको.

शीळ | मंगळवार, दुपारी १.०५

लेन्सचा प्रश्न मी विचारला होता, म्हणून माझी बाजू.

मी तो गंमत म्हणून विचारला नव्हता. ओळखीच्या फोटोत लेन्स आणि क्रॉप यांचा थेट संबंध असतो. लांबून काढून खूप कापलेल्या फोटोत चोचीची कड पुसट होते आणि आकडी आहे की नाही ते कळत नाही. पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) बिघडला की राखाडी पाठ तपकिरी दिसते. उलट उजेडात छातीवरच्या रेघा आहेत की ठिपके, ते सांगता येत नाही. म्हणून फोटो कसा काढला हे विचारणं मला ओळखीचाच भाग वाटतं. सदस्याने अंतर आणि लेन्स सांगितली असती तर पक्ष्याच्या आकाराचाही थोडा अंदाज आला असता.

पण त्यापुढे कोणती लेन्स विकत घ्यावी, किंमत काय, जुनी घ्यावी का, हे आलं, ते नक्कीच बाहेरचं. ते माझ्यानंतरच्यांनी काढलं, पण कुणी काढलं हा मुद्दा नाही. कॅमेऱ्यांसाठी आपल्याकडे एकही कायमचा धागा नाही. माणसं खरेदीची चर्चा करणारच, त्यांना जागा नाही म्हणून ती जिथे दिसेल तिथे करतात. 'पक्षीछायाचित्रण: साधनं आणि खरेदी' असा एक धागा मी आज काढतो. ओळखीच्या धाग्यात कुणी भाव विचारला की फक्त दुवा द्यायचा. उत्तरही तिकडेच लिहायचं. इकडे 'विषयाला धरून बोला' असं बजावायची गरज राहणार नाही.

माळटिटवी | मंगळवार, दुपारी १.३०

शीळ, फोटो कसा काढला हा प्रश्न विषयातलाच, हे पटलं. धाग्याबद्दल आभार.

उजनीकाठ | मंगळवार, सायंकाळी ६.५०

मी भिगवणला पर्यटकांना पाण्यावर नेतो. लिहिण्याची फार सवय नाही, पण या विषयावर एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही अवांतरामुळे उत्तर हरवतं म्हणता. माझी चिंता वेगळी आहे. अवांतरात पक्ष्याची जागा फुटते.

मूळ धाग्यात सगळे सांभाळून असतात. कोणी घरट्याचा फोटो टाकला तर लगेच चार जण सांगतात, काढा. कोणी शृंगी घुबडाची जागा विचारली तर कुणी सांगत नाही. पण धागा एकदा गप्पांवर आला की माणूस सैल होतो. रोहितांबद्दलच्या (फ्लेमिंगोंच्या) धाग्यात जेवण कुठे चांगलं मिळतं, मासे कुठे खावेत, असं सुरू होतं. कोणी म्हणतं अमक्या फाट्यावरचं हॉटेल चांगलं. दुसरा म्हणतो हो हो, त्याच्याच मागे दगडखाणीत घुबडाची जोडी आहे, पिल्लं पण आहेत. झालं. हा माणूस वाईट नाही. त्याला वाटलं आपण मित्रांत बोलतोय. पण धागा सगळ्या जगाला उघडा आहे.

शृंगी घुबड झाडावर घरटं बांधत नाही, कपारीत, ओढ्याच्या काठावर, खाणीच्या कडेला जमिनीवरच अंडी घालतं. माणूस चालत तिथे पोचू शकतो. गर्दी आली की मादी उठते, अंडी उन्हात उघडी राहतात. आणि घुबडांचा चोरटा व्यापार होतो हे तुम्हाला माहीत आहे, दिवाळीच्या दिवसांत अंधश्रद्धेपायी जास्तच. आमच्या भागात एका जागेचा बोभाटा असाच गप्पांतून झाला, पुढच्या हंगामात ती जोडी तिथे नव्हती. कशामुळे गेली ते मी सांगू शकत नाही, पण गाड्या तिथपर्यंत गेल्या होत्या हे मी पाहिलं.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर काही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा लोकांना दाखवली जात नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी जर हे पाळतात तर आपण गप्पांत का सांगावं? आणखी एक, मोबाइलच्या फोटोत जागेचे आकडे आतच साठलेले असतात. तो फोटो गप्पांत 'हे बघा काय मिळालं' म्हणून टाकला की कुणीही जागा काढू शकतो. टाकण्याआधी ते पुसून टाका.

जेवणाचं मात्र बोला. बाहेरून येणाऱ्याला ते लागतं, आमच्या गावालाही त्याचा उपयोग होतो.

सातभाई | मंगळवार, सायंकाळी ७.०४

दादा, हा प्रतिसाद वर डकवलेल्या धाग्यात सगळ्यात आधी जायला हवा.

कुर्डुवाडी_लोकल | मंगळवार, रात्री ८.२२

व्हॉट्सअ‍ॅप गटांचं काय करायचं तेही कुणी सांगा. आमच्या गटात सकाळचे सुविचार, वाढदिवस, फॉरवर्ड यांच्या गर्दीत 'तलावावर पट्टकदंब आलेत' हा निरोप वाहून जातो. संध्याकाळी वाचला तर उपयोग काय? आणि तिथे शीर्षकच नसतं, त्यामुळे फांदी वेगळी काढणार कुठे?

माळटिटवी | मंगळवार, रात्री ८.४५

आमच्याकडे दोन गट केले आहेत. एकात फक्त पक्षी दिसल्याची खबर: पक्षी, ठिकाण, वेळ. त्यावर आभारसुद्धा लिहायचे नाहीत. दुसऱ्यात वाट्टेल ते. सुरुवातीला काही ज्येष्ठांना राग आला, शुभेच्छा दिल्या तर बिघडलं काय म्हणून. त्यांना कुणी गटात सगळ्यांसमोर बोललं नाही. दोघींनी फोनवर समजावून सांगितलं. आता तेच इतरांना सांगतात. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत टोकलं की नियम राहतो बाजूला आणि मान-अपमान सुरू होतो. नव्यांच्या बाबतीतही तेच. पहिल्याच प्रतिसादावर उघड टोकलं गेलेला माणूस क्वचितच दुसरा प्रतिसाद लिहितो.

तोरणमाळ | बुधवार, सकाळी ६.३०

आमच्या खानदेशातल्या एका पक्ष्याची कथा इथे सांगतो. ती विषयाला धरूनच आहे, कारण माहिती चुकीच्या ठिकाणी लागली की काय होतं ते त्यातून दिसतं.

रान पिंगळा, एक छोटं घुबड. १८७३ साली पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. फक्त एक नमुना १९१४ चा होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहातला, आणि त्यावरच्या चिठ्ठीत जागा होती गुजरातमधलं मांडवी. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे नमुने तपासले तेव्हा लक्षात आलं की ती चिठ्ठी खोटी होती. पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेल्या नमुन्यांपैकी होता आणि त्यावर नवी तारीख, नवी जागा लावली होती. ती जागा बाद केल्यावर त्यांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर शोध घ्यायचं ठरवलं. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या आल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तोरणमाळच्या पायथ्याच्या जंगलात, रान पिंगळा दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी. नंतर तो मेळघाटात सापडला, आणि २०१४ मध्ये थेट ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात.

माइनर्ट्झहागेनने लबाडी केली. आपल्या धाग्यात कुणी लबाडी करत नाही. पण ताम्हिणीचा फोटो सासवडच्या शीर्षकाखाली पडला आणि त्याखाली 'नक्की शिक्रा' असं आलं, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने चिठ्ठी चुकीचीच लागली. तो सदस्य शिक्रा म्हणून नोंद करणार होता, हे माळटिटवीताईंनी वर लिहिलंच आहे. ती नोंद ईबर्डवर गेली असती तर शिक्रा एवढा सर्वत्र दिसणारा पक्षी आहे की तपासणाऱ्यालाही शंका आली नसती. हिवाळ्यात पावशा कुठे कुठे असतो याची माहिती आधीच तुटपुंजी आहे, कारण तो ओरडत नाही. तिच्यातलीच एक नोंद गेली असती.

म्हणून मी लेन्स, जेवण, आठवणी यांबद्दल कडक नाही. पक्षी, ठिकाण आणि तारीख या तीन गोष्टींत मात्र सरमिसळ होऊ नये. तिथे मी कुणालाही टोकेन, आणि मला टोकलेलंही चालेल.

नवीन_दुर्बीण | बुधवार, सकाळी ८.०२

त्या सदस्याला कुणी कळवलं का, त्याचा पक्षी पावशा आहे म्हणून?

शीळ | बुधवार, सकाळी ८.१०

काल दुपारी व्यक्तिगत निरोप टाकला, चोचीचा भाग मोठा करून दोन्ही पक्ष्यांचे फोटो शेजारी ठेवून. रात्री उत्तर आलं, त्याने नोंद दुरुस्त केली आहे.

अटलांटिककाठ | बुधवार, सकाळी ९.१५

उत्तम. चातकाचं माझ्याकडून सांगून टाकतो, म्हणजे तो वाद पुन्हा तिकडे उठायला नको. चातक वेगळा: काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, मोसमी पावसाच्या आगेमागे आफ्रिकेतून येणारा. पावशा राखाडी-तपकिरी, बिनतुऱ्याचा. घोळ होतो कारण दोघेही कोकिळेच्या कुळातले, दोघेही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात आणि दोघांचाही लोकांच्या मनात पावसाशी संबंध आहे. शिवाय हिंदीत पपीहा म्हणजे पावशा, पण कवितेत पपीहा आणि चातक यांची अदलाबदल होते. याच्या पुढे ज्यांना बोलायचं असेल त्यांच्यासाठी 'चातक आणि पावशा' असा धागा काढला आहे, इकडे त्यावर उत्तर लिहू नये ही विनंती.

रानभूल | बुधवार, सकाळी ११.४०

यवतमाळच्या त्या सदस्यांशी निरोपातून बोललो. त्यांची हरकत नाही. फक्त वडिलांचं नाव टाकू नका म्हणाले, 'आमच्या गावातले जुने लोक' एवढंच लिहा. 'पावशा आणि पेरणी' हा धागा मी संध्याकाळी काढतो. त्यांनी अजून दोन पक्ष्यांबद्दल सांगायचं कबूल केलंय, एक टिटवी. टिटवी अंडी उंचावर घालते की सखलात, त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात, ते कितपत खरं ठरतं हे त्यांनी स्वतः काही वर्षं पाहिलेलं आहे.

माळटिटवी | बुधवार, रात्री ९.००

सर्वांचे आभार. डकवायच्या धाग्याचा मसुदा मी करते आहे. उजनीकाठ दादांचा मुद्दा पहिला, मग फोटोंची सरमिसळ नको हा, मग नवीन_दुर्बीण यांची सूचना, की उत्तर कोणत्या फोटोला ते लिहावं. फांद्या वेगळ्या काढण्याचं काम जुन्या सदस्यांवर, नव्यांवर नाही. उघड टोकू नये, निरोप पाठवावा. एवढंच ठेवते. फार लांबवलं तर कुणी वाचणार नाही.

एक प्रश्न उरला आहे. ओळख पटल्यावर धाग्याचं शीर्षक बदलावं का? बदलावं असं मला वाटतं, पण त्यात मूळ विचारणाऱ्याचा प्रश्न पुसला जाऊ नये.

तोरणमाळ | बुधवार, रात्री ९.२५

प्रश्न तसाच ठेवा, पुढे उत्तर जोडा. 'हा शिक्रा की पावशा? (पावशा, पिल्लू; सासवड परिसर, डिसेंबर)' असं. शोधणारा बहुधा चुकीच्याच नावाने शोधत येतो, म्हणून शिक्रा हा शब्दही शीर्षकात राहायला हवा.

उजनीकाठ | बुधवार, रात्री ९.४१

घुबड, गरुड किंवा घरटं असेल तर परिसरही लिहू नका, नुसता जिल्हा लिहा.